स्टँडअप करणारे व्यावसायिक कलाकार खरोखर विनोदी असतात का?

प्रश्न असा आहे : तिकीट काढून स्टँडअपचा कार्यक्रम पाहिला, अधूनमधून हसूही आले, पण कट्ट्यावरचा आपला एक मित्र याहून कितीतरी जास्त हसवतो. मग पैसे घेऊन हसवणारे हे लोक खरोखर विनोदी असतात, की हातात माइक आणि अंगावर दिवा असल्यामुळे तसे भासतात? आणि त्या मित्राने या क्षेत्रात उतरावे का?

मी मुंबई-पुण्यात मराठी आणि हिंदीतून बरीच वर्षे स्टँडअप करतो आणि नवोदितांचे सेट, म्हणजे एका वेळी सलग सादर करायचे विनोद, ऐकून ते दुरुस्त करून देण्याचे कामही करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. लग्नकार्यात भेटणारे निम्मे लोक तो वेगवेगळ्या शब्दांत विचारतातच. माझे उत्तर असे की, या धंद्यात टिकलेले बहुतेक कलाकार विनोदी असतात, पण त्यांचे विनोदी असणे आपल्या मित्राच्या विनोदी असण्याहून वेगळ्या जातीचे असते. मित्र ओळखीच्या माणसांना हसवतो. व्यावसायिकाला अनोळखी माणसांना, ठरलेल्या वेळी, तेच वाक्य अनेकदा बोलून झालेले असताना हसवायचे असते. पहिल्या कामात पारंगत असलेला माणूस दुसऱ्यात उघडा पडू शकतो आणि दुसऱ्यात पारंगत असलेला पहिल्यात अगदीच सामान्य ठरू शकतो.

कट्ट्यावरचे हसू आधी पाहू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक ठिकाणी माणसे कधी हसतात याची बाराशे प्रसंगांची नोंद केली होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात असे दिसले की, हसण्याच्या आधी उच्चारलेल्या वाक्यांपैकी जेमतेम दहा ते वीस टक्के वाक्येच विनोदाच्या जवळपास जाणारी होती. बाकीची ‘चला, निघतो मी’ किंवा ‘हा बघा, आला’ या थाटाची होती. एकट्या माणसापेक्षा सोबतीतला माणूस सुमारे तीसपट अधिक वेळा हसतो, हेही त्यांनीच दाखवले, आणि गप्पांमध्ये ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो हेही. यातून मित्राचे श्रेय कमी होत नाही, पण त्याच्या हाताशी काय काय असते ते कळते. ज्यांची तो नक्कल करतो ती माणसे सर्वांच्या परिचयाची असतात, कॉलेजातल्या फजितीचा संदर्भ एका शब्दात जागा होतो, त्याला कोणी ‘आता हसव’ असे सांगितलेले नसते, आणि विनोद पडला तर विषय बदलून कोणीतरी चहा मागवतो. रंगमंचावर यातले काहीही उपलब्ध नसते. तिथे स्वतःच्या विनोदावर आधी आपण हसलो तर प्रेक्षक हात बांधून बसतात.

व्यावसायिकांची प्रत्यक्ष चाचणी घेण्याचा प्रयत्नही झाला आहे. गिल ग्रीनग्रॉस, रॉड मार्टिन आणि जेफ्री मिलर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ व्यावसायिक स्टँडअप कलाकार आणि ४०० महाविद्यालयीन विद्यार्थी यांना व्यंगचित्रांखाली मजेशीर ओळी लिहायला सांगितल्या आणि त्या ओळींना विनोदाचे गुण दिले. कलाकार सरासरीने स्पष्टपणे पुढे होते, आणि शब्दसामर्थ्याच्या चाचणीतही पुढे होते. ज्यांना ‘हे सगळे पाठांतर आहे’ असे वाटते त्यांनी हा निष्कर्ष लक्षात घ्यावा, कारण त्या क्षणी समोर आलेल्या चित्रावर पाठ केलेली ओळ चालत नाही. मला स्वतःला मात्र ही चाचणी आमच्या कामाच्या फक्त कडेला स्पर्श करते असे वाटते. पटकन सुचणे हे आमच्या कामात प्रवेशपरीक्षेएवढेच असते. खरे काम सुचल्यानंतर सुरू होते आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ते एका उदाहरणाने सविस्तर सांगतो.

समजा, एखाद्या नवोदिताने ओपन माइकवर, म्हणजे नाव नोंदवून कोणालाही काही मिनिटे बोलता येते अशा कार्यक्रमात, असे वाक्य आणले : ‘आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी इतके हुशार आहेत की लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी लिफ्टच्या आत लिफ्ट बंद असल्याची नोटीस लावली होती.’ कल्पना चांगली आहे, आणि त्याच सोसायटीच्या गच्चीवर, सेक्रेटरींचे आडनाव घेऊन सांगितली तर ती हमखास हशा घेईल, कारण आडनाव उच्चारताच ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो माणूस, त्याची फाईल आणि त्याचा चष्मा उभा राहतो. अनोळखी लोकांपुढे हेच वाक्य बहुधा एक मंद स्मित घेऊन विरते. ‘इतके हुशार’ म्हटल्याबरोबर आता मूर्खपणा ऐकायला मिळणार हे प्रेक्षकाला कळते आणि धक्का आधीच खर्च होतो. दुसरे असे की, वाक्याचा सगळा जीव ‘लिफ्टच्या आत’ या दोन शब्दांत आहे, आणि ते शब्द मधे गाडले गेले आहेत. त्यांच्यानंतर ‘लिफ्ट बंद असल्याची नोटीस लावली होती’ एवढे शब्द बोलायचे शिल्लक राहतात, तोवर हसणाऱ्याचे हसू ओठातच थांबते, कारण बोलणारा अजून बोलत असतो.

ही अडचण मराठीत अधिक जाणवते. आपले वाक्य क्रियापदावर संपते, आणि क्रियापदात धक्का क्वचितच असतो. ‘आहे’, ‘होते’, ‘लावली होती’ हे शब्द हशाच्या वाटेत पाय पसरून बसतात. इंग्रजी स्टँडअप पाहून शिकलेली मुले तिथली वाक्यरचना मराठीत उतरवतात आणि ‘तिकडे हसतात, इकडे का हसत नाहीत’ म्हणून वैतागतात. मराठीत लिहिणाऱ्याला वाक्य मोडावे लागते, क्रियापद पुढे ओढावे लागते किंवा ते गाळावे लागते. वरचे वाक्य काही आठवड्यांच्या छाटणीनंतर असे होऊ शकते : ‘लिफ्ट बंद पडली. सेक्रेटरींनी लगेच नोटीस लावली. लिफ्टच्या आत.’

आता यातला ‘लगेच’ पाहा. सेक्रेटरी कोण, कसे दिसतात, हे कोणाला माहीत नाही, पण या एका शब्दाने तत्पर, कर्तव्यदक्ष, नोटीसप्रेमी गृहस्थ उभा राहतो आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याला तो आपला वाटतो. कट्ट्यावर जे काम आडनाव करते ते इथे क्रियाविशेषणाला करावे लागते. हशा झाल्यावर त्याच कल्पनेवर आणखी एक छोटी ओळ चढवायची, जिला आम्ही टॅग म्हणतो : ‘मी ती चार वेळा वाचली. वेळ होता.’ सांगणारा स्वतः त्या बंद लिफ्टमध्ये अडकला होता हे इथे प्रथमच उघड होते आणि ते आम्ही सांगत नाही, प्रेक्षकाला जुळवू देतो. मग तिसरी : ‘खाली लिहिले होते, सहकार्याबद्दल धन्यवाद.’ एका वाक्याच्या कल्पनेतून आता तीन हशे निघतात आणि एकूण शब्द जवळजवळ तेवढेच राहतात. ‘चार’ ऐवजी ‘दहा’ म्हटले तर कसे, ‘वेळ होता’ आधी किती थांबायचे, नोटीस या शब्दावर आवाज खाली न्यायचा की वर, हे कागदावर ठरत नाही. ते वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर बोलून, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आणि नंतर स्वतःचाच आवाज ऐकण्याची शिक्षा भोगून ठरते.

ओपन माइकवर चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो, समोर अर्धे प्रेक्षक इतर कलाकारच असतात, आणि ते हसत नाहीत, आपापल्या वहीत पाहत असतात. वेळ संपली की मागून कोणीतरी मोबाइलचा दिवा दाखवते. मुंबईत खारच्या ‘द हॅबिटॅट’सारख्या छोट्या जागांमध्ये अनेक आताच्या नामवंतांची वाक्ये अशीच पडत, उठत घडली. म्हणून ‘हा माणूस विनोदी आहे का’ यापेक्षा ‘याचे हे दहा मिनिटांचे साहित्य कितव्या अवस्थेत आहे’ हा प्रश्न आम्हाला अधिक अर्थपूर्ण वाटतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकी स्टँडअप कलाकार जेरी साइनफेल्ड यांच्या कारकिर्दीत सापडतो. १९९८ मध्ये, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपले वर्षानुवर्षांचे साहित्य अखेरचे सादर केले, ते बाजूला ठेवले आणि छोट्या क्लबांत नवे साहित्य शून्यापासून घडवायला घेतले. या प्रक्रियेवरचा माहितीपट २००२ मध्ये आला. त्यात हा जगप्रसिद्ध माणूस रंगमंचावर मधेच धागा हरवून अडखळताना दिसतो. प्रेक्षक त्यांना पाहून आनंदाने टाळ्या वाजवतात, पण ती पुण्याई काही मिनिटांतच संपते आणि मग कच्चे वाक्य कच्चेच ऐकू येते. ते विनोदी नव्हते असे कोण म्हणेल? तरीही नवे वाक्य त्यांनाही फुकट हशा देत नव्हते.

पुन्हा पुन्हा तेच बोलण्याबद्दल एक तक्रार नेहमी येते. एखाद्याने कार्यक्रम दोनदा पाहिला आणि त्याच जागी तीच अडखळ, तेच ‘अरे हो, एक आठवले’ ऐकले की त्याला फसवल्यासारखे वाटते. मराठी प्रेक्षकाने हे वाटून घेऊ नये असे माझे मत आहे. १९६१ पासून पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग केले आणि लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या, दोन्हींचे संवाद पाठ असलेले प्रेक्षक पुन्हा तिकीट काढत आणि पुन्हा हसत. तिथे उत्स्फूर्ततेची अपेक्षा नव्हती, म्हणून भ्रमनिरासही नव्हता. स्टँडअपने मात्र ‘मी तुमच्याशी सहज बोलतो आहे’ असा आव स्वीकारला आणि त्याबरोबर ही तक्रारही ओढवून घेतली. शिवाय एकदा चित्रफीत प्रसिद्ध झाली की ते साहित्य प्रेक्षकांच्या दृष्टीने शिळे होते, त्यामुळे घडवायला वर्ष-दीड वर्ष लागलेला तासाभराचा कार्यक्रम एका दिवसात खर्च होतो.

रंगमंचाखालच्या स्वभावाबद्दल थोडक्यात. ग्रीनग्रॉस आणि मिलर यांच्याच २००९ मधल्या एका अभ्यासात व्यावसायिक कलाकार विद्यार्थ्यांपेक्षा कमी बहिर्मुख आढळले होते, आणि माझ्या पाहण्याशी ते जुळते. कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये शांतता असते. चांगली ओळ ऐकली तरी सहकारी हसत नाही, मान हलवून ‘चालेल’ म्हणतो, आणि ती आमच्याकडची मोठी दाद असते. ‘विनोदी माणूस आतून दुःखी असतो’ हे वाक्य मात्र सिनेमाने जास्तच वापरले आहे. आमच्यात दुःखी लोक आहेत, तसे ते बँकेतही आहेत. ‘एखादा जोक सांगा ना’ या फर्माइशीला आम्ही गप्प होतो त्याचे कारण साधे आहे : खोली नाही, क्रम नाही, आधीच्या दोन मिनिटांत बांधलेला विश्वास नाही.

आता संशय घेणारा कुठे बरोबर आहे तेही सांगायला हवे, कारण आमच्या धंद्यात विनोदाच्या नावाखाली इतर गोष्टीही खपतात. मोबाइलवर दिसणारी साठ सेकंदांची चित्रफीत ही निवडलेली असते. तासाभराच्या कार्यक्रमातली सर्वांत चांगली देवघेव कापून दाखवली की माणूस अखंड हजरजबाबी वाटतो. प्रेक्षकांशी गप्पा मारण्याचा जो प्रकार सध्या फार लोकप्रिय आहे, त्यातही जेवढे वाटते तेवढे सगळे तिथल्या तिथे सुचलेले नसते. पुण्यात पहिल्या रांगेत ‘काय करता?’ असे विचारले तर आयटी, सीए, स्पर्धा परीक्षा किंवा ‘घरचा बिझनेस’ यापैकी एक उत्तर येण्याची शक्यता भरपूर असते, आणि यातल्या प्रत्येकासाठी अनुभवी कलाकाराकडे तयार ओळी असतात. खरे कौशल्य दिसते ते अनपेक्षित उत्तर आल्यावर, आणि ते असलेले लोक मोजके आहेत.

दुसरा प्रकार टाळ्यांचा. प्रेक्षकांना आधीच पटलेले मत ठसक्यात मांडले की टाळ्या मिळतात, शिट्ट्याही मिळतात, पण हसणे आणि सहमती यांत फरक आहे. कलाकाराला तो तत्क्षणी कळतो, आणि कळूनही तो टाळ्या घेऊन पुढे जातो. तिसरा प्रकार शिवीचा. शिवीला माझा नैतिक आक्षेप नाही, काही पात्रे शिवीशिवाय उभीच राहत नाहीत. पण वाक्याच्या शेवटी शिवी ठेवून हशा काढणाऱ्याला मी नेहमी ती काढून तेच वाक्य म्हणायला लावतो, आणि बरेचदा तिथे विनोद नव्हताच असे दोघांनाही दिसते. अशा कलाकाराला पाहून आपण ‘हा विनोदी नाही’ म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

मात्र निकाल देण्याआधी आपण कोणत्या खोलीत बसला होतात ते आठवावे. २०१० मध्ये लंडनच्या कॉमेडी स्टोअरने मुंबईत लोअर परळला शाखा उघडली, तेव्हा केवळ याच कामासाठी उभारलेली जागा इथे प्रथम पाहायला मिळाली. प्रेक्षक अंधारात, खुर्च्या दाटीने, रंगमंच जवळ. अशा जागेत एकाचे हसू शेजाऱ्याला लागते. नाट्यगृहात हशा मागच्या रांगेपासून पुढे यायला वेळ घेतो आणि कलाकाराला प्रत्येक वाक्यानंतर थोडे अधिक थांबावे लागते. क्लबची गती तिथे नेली तर निम्मी वाक्ये हशाखाली बुडतात. कंपन्यांच्या स्नेहसंमेलनात तर दिवे लख्ख असतात, गोल टेबलांमुळे निम्म्या लोकांची पाठ रंगमंचाकडे असते, जेवण सुरू झालेले असते आणि पहिल्या टेबलावर साहेब बसलेले असतात. ते हसले की विभाग हसतो. अशा ठिकाणी पाहून कोणाही कलाकाराबद्दल मत बनवू नये.

मराठी कार्यक्रमांत आणखी एक गोष्ट घडते. ‘भाडिपा’ (भारतीय डिजिटल पार्टी) या यूट्यूब वाहिनीने २०१६ नंतर मराठी विनोदाला इंटरनेटवर तरुण प्रेक्षक मिळवून दिला, आणि आता रविवार दुपारच्या प्रयोगाला तीन पिढ्या एकत्र येतात. नवरा-बायकोच्या भांडणावरची ओळ आली की सूनबाई आधी सासूबाईंकडे पाहतात. सासूबाई हसल्या तर दोघी हसतात, आणि तो हशा अर्धा सेकंद उशिरा येतो. हा अर्धा सेकंद ज्याला ओळखता येतो आणि जो घाबरून पुढच्या वाक्यावर उडी मारत नाही, तो मराठीत काम करू शकतो. नागपुरात लोकलच्या गर्दीवरची पाच मिनिटे वाया जातात आणि मुंबईत वऱ्हाडी उन्हाळ्यावरची; तरीही दोन्हीकडे चालणारा तास ज्याच्याकडे आहे, त्याच्या विनोदी असण्याबद्दल मला शंका उरत नाही.

आपणास स्वतः पारखून पाहायचे असेल तर ज्याचे नाव ऐकलेले नाही अशा कलाकाराला चार-पाच जणांच्या कार्यक्रमात पाहावे. अमेरिकी क्लबांत मिनिटाला चार ते सहा हशे हा व्यावसायिक सेटचा मापदंड सांगितला जातो. मराठीत गोष्ट रंगवून सांगण्याची सवय असल्याने इथे थोडे कमी चालतात, पण सलग मिनिटभर शांतता असेल तर त्या मिनिटाच्या शेवटी काहीतरी भक्कम यायला हवे. हशा सभागृहाच्या एकाच कोपऱ्यातून येतो आहे का तेही पाहावे. तिथे बहुधा कलाकाराचे मित्र बसलेले असतात.

राहिला आपला मित्र. त्याला पाच मिनिटे लिहून काढायला सांगा. त्यातली ओळखीच्या माणसांची नावे, कॉलेजचे संदर्भ आणि ‘तुम्ही तिथे असायला हवे होते’ या धर्तीचे प्रसंग काढून टाका. जे उरेल ते त्याने एखाद्या ओपन माइकवर, आपल्यापैकी कोणालाही सोबत न नेता, अनोळखी लोकांपुढे बोलावे. पहिल्यांदा हशा आला नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आला तरीही फारसे होत नाही. पुढच्या आठवड्यात त्याने तीच पाच मिनिटे, दोन शब्द बदलून, पुन्हा करावीत, आणि मग पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला स्वतःच्याच विनोदाचा कंटाळा आला आणि नवे काहीतरी सांगावेसे वाटले, तर त्याने कट्ट्यावरच राहावे, तिथे त्याची जास्त गरज आहे. उलट, दुसऱ्या वाक्यातला एक शब्द खटकतो म्हणून तो रात्री साडेबाराला आपल्याला फोन करू लागला, तर त्याला पुढच्या स्पॉटसाठी नाव नोंदवायला सांगा.